ट्रेवर धरलेला हात

मेणाच्या ट्रेमध्ये बेडूक उताणा ठेवलेला असायचा. चारही पायांना टाचण्या लावून झालेल्या असायच्या. पोरगं कात्री घेऊन वाकलेलं असायचं, आणि नेमका त्याच वेळी मॅडमचा उजवा तळहात त्या बेडकावर येऊन थांबायचा. बेडकाला तो लागत नसे. चुलीची धग बघावी तसा वरच्यावर धरलेला असे.

"हे कायच्यासाठी मेलं?"

उत्तर आल्याशिवाय हात उठत नसे. "प्रॅक्टिकल आहे म्हणून," असं कोणी म्हणालं की हात तिथंच. "परीक्षेसाठी," असं कोणी म्हटलं तर मॅडम म्हणायच्या, "परीक्षा तुही, अन् मेलं हे. असं कसं रे बाबू?" पोरं हसायची, मॅडम हसायच्या नाहीत. मग एखादी पोरगी चाचरत सांगायची, "मॅडम, याच्या काळजाला तीन कप्पे राहतात म्हणते, ते पाहायचे आहेत."

"हां. मंग नीट पाय. पाहून झालं का मले सांग."

आणि हात उठायचा.

तुमसरच्या त्या कॉलेजात मी मराठी शिकवत होतो. माझा वर्ग आणि प्राणिशास्त्राची प्रयोगशाळा यांच्यामध्ये एकच भिंत होती, आणि तिला वरच्या बाजूला जाळी होती. तुमच्यापैकी ज्यांनी सायन्स कॉलेजात दिवस काढले आहेत त्यांना फॉर्मलीनचा वास सांगायला नको. मी फळ्यावर विरहाची कविता लिहायचो आणि पोरांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायचं. पहिल्या वर्षी मला तो माझ्या शिकवण्याचा परिणाम वाटला. खरं कारण कळलं तेव्हा मी तणतणत शेजारी तक्रार करायला गेलो, आणि दारातच तो हात आणि तो प्रश्न पाहून थबकलो. तक्रार राहूनच गेली.

गोंदिया वेगळा जिल्हा होऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. आमच्या वाट्याला अर्धा भंडारा जिल्हा उरला होता, आणि संस्थेच्या मंडळींनी आता उरलेल्या जिल्ह्यात आपलं कॉलेज पहिलं आलं पाहिजे असा ध्यास घेतला होता. या ध्यासाचा मॅडमशी काय संबंध ते पुढे येईलच.

मॅडम जवाहरनगरच्या. वडील तिथल्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत होते. सरकारी क्वार्टर, फॅक्टरीच्या बसवर जुळवलेलं घड्याळ, आणि बाबा तिथे नेमकं काय काम करतात हे घरात कोणी विचारायचं नाही, असा रिवाज. "घरी विचारता आलं नाही, म्हणून भायेर सगळ्यायले विचारत सुटली मी," असं त्या म्हणायच्या. बाबा निवृत्त झाल्यावर क्वार्टर सुटलं, पुढे बाबाही गेले, आणि मायलेकी तुमसरला भाड्याच्या घरात राहू लागल्या. मॅडमनी लग्न केलं नव्हतं. का केलं नाही, हे विचारायची आमच्या स्टाफरूममध्ये कोणाची छाती नव्हती, कारण उलट प्रश्न आला असता.

त्या फार दयाळू, हळव्या वगैरे असतील असं तुम्हाला वाटत असेल तर तसं काही नव्हतं. रविवारी त्यांच्याकडे मरळीचं कालवण व्हायचं आणि सोमवारी स्टाफरूममध्ये त्याचं रसभरित वर्णन. मी जन्माचा शाकाहारी, आणि त्याचा मला उगाचच तोरा. एका सोमवारी मी त्यांना टोचलंच. "मॅडम, पोरांना बेडकाचा जाब विचारता आणि स्वतः मासे हादडता. हे जमतं कसं?"

मी तेव्हा डब्यानंतरची गोळी काढून तळहातावर ठेवली होती. मॅडमनी आपला हात माझ्या हातावर धरला.

"गोळी कायची हे, सर?"

"बीपीची."

"पयले कोणी खाल्ली?"

मला प्रश्न कळला नाही.

"तुमी नाही खाल्ली. डॉक्टरनं बी नाही खाल्ली. पयले उंदरानं खाल्ली असन, मंग सशानं, नाही तं कुत्र्यानं. त्याच्यातले कितीक मेले असतीन. तुमी शाकाहारी आहात, गोळी नाही. सांगा बरं, ते कायच्यासाठी मेले?"

सगळी स्टाफरूम माझ्याकडे बघत होती. मी पुटपुटलो, "माझं बीपी ताब्यात राहावं म्हणून."

"मंग रोज घेत जा. मधातच चुकवता तुमी, मी पायते नं." आणि हात उठला.

खरंच चुकवायचो मी. त्यानंतर कधी चुकवली नाही.

त्यांच्या पीएच.डी.चं काम तेव्हा शेवटाला आलं होतं. विषय आमच्याच मातीतला. पावसाळ्यात धानावर फवारणी होते, आणि मागून मोठा पाऊस आला की बांध्यांमधलं, म्हणजे धानाच्या वाफ्यांमधलं, पाणी खालच्या बोडीत उतरतं. बोडी म्हणजे शेताच्या उताराला राखलेलं लहानसं तळं. तिच्यात मासोळी असते, गुरं पाणी पितात, बायका धुणं धुतात. मॅडमच्या आईचं माहेर आंबागडकडचं. तिथल्या बोडीतली सगळी मासोळी एका वर्षी सकाळी पोट वर करून तरंगली होती. कोणी म्हणालं रोग आला, कोणी म्हणालं कोणाची तरी नजर लागली. मॅडमना शोधायचं होतं की पाण्यात औषध किती उतरलं म्हणजे मासोळी मरते, आणि मरायच्या आधी तिच्या आत काय काय बिघडतं.

त्याची पद्धत सगळीकडे चालते तीच होती. काचेच्या टाक्यांत मासे सोडायचे, एकेका टाकीत औषध थोडं थोडं वाढवत न्यायचं, एक टाकी निव्वळ पाण्याची ठेवायची, आणि कुठे किती मरतात ते बघत राहायचं. ऐकायला वाईट वाटतं. बघायला त्याहून वाईट होतं, मी पाहिलं आहे. गोळीचा सूड म्हणून मी एकदा त्या टाक्यांसमोर उभं राहून त्यांचाच प्रश्न त्यांना केला.

"मॅडम, हे कायच्यासाठी मरून राहिले?"

"बोडीतल्या बाकीच्यायसाठी," त्या म्हणाल्या. क्षणभरही थांबल्या नाहीत. मला मनातून बरं वाटलं. स्वतःलाही जाब विचारणारं माणूस निराळंच असतं.

त्यांच्या आईचं मात्र या उत्तरानं समाधान नव्हतं. मी चहाला गेलो की आई माझ्यापुढे कैफियत मांडायच्या. "भाऊ, हिले समजावून सांगा जी. सांजेले विहारात माह्या बाजूले बसून पंचशील घेते, जीव घेणार नाही म्हणते, अन् सकाळी कालेजात जाऊन मासोळ्यायले इख पाजते."

"अन् तू रविवारी कालवण करते ते?" मॅडम आतून म्हणायच्या.

"आपण खातो वो माय. पोटात जाते. तू तं मारते अन् फेकून देते."

"फेकत नाही आई. पाहून घेते, लिहून घेते."

"लिहून कोणाचं पोट भरते?"

"भरन. पुढं भरन."

हा वाद मी कितीतरी वेळा ऐकला. दोघींपैकी कोणीही मागे हटत नसे, आणि चहा मात्र दोघींनाही उत्तम जमायचा.

मग कॉलेजला दर्जा देणारी कमिटी यायची ठरली. कमिटी म्हटल्यावर काय होतं हे ज्यांनी कॉलेजं पाहिली आहेत त्यांना माहीत आहे. पायऱ्यांना गेरू लागला, कुठून तरी कुंड्या आल्या, ग्रंथालयातली न वाचलेली पुस्तकं पुढच्या फळीवर आली. पाहुण्यांना पाणी शुद्ध मिळावं म्हणून प्राचार्यांनी कॉलेजच्या विहिरीत भरपूर ब्लीचिंग पावडर टाकून घेतली. ऑफिसात सांगितलं, कँटीनला सांगितलं. टाक्यांतल्या माशांना हेच पाणी लागतं हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

तसं ते डोक्यात यायची गरजही नव्हती, कारण मॅडमची एक शिस्त होती. विहिरीचं पाणी काढून त्या ते मागच्या अंगणातल्या सिमेंटच्या टाक्यात दोन दिवस उघड्यावर ठेवायच्या आणि मगच माशांना द्यायच्या. त्या शिस्तीनं ब्लीचिंगही उडून गेलं असतं. पण कमिटीच्या आदल्या संध्याकाळी टाक्यांच्या काचा हिरव्या दिसायला लागल्या म्हणून मॅडमनी स्वतः त्या घासल्या, आणि पाणी उतरवून ठेवायला वेळ नव्हता म्हणून सरळ विहिरीचं ताजं पाणी भरलं. ठरल्याप्रमाणे औषध घालून प्रयोगाच्या शेवटच्या खेपेचे मासे त्यात सोडले. आम्ही सगळेच त्या दिवशी कमिटीच्या नादात होतो. त्याही होत्या.

सकाळी त्यांनी कुलूप उघडलं तेव्हा सगळ्या टाक्यांतले मासे मेले होते. औषध घातलेल्या टाक्यांतले मेले आणि निव्वळ पाण्याच्या टाकीतलेही मेले.

कमिटी अकराच्या सुमाराला आली. टाक्या रिकाम्या आणि लखलखीत होत्या. कमिटीतले एक गृहस्थ काचेवर बोट फिरवून म्हणाले, "वा, फारच स्वच्छ प्रयोगशाळा." मॅडम म्हणाल्या, "हो सर." पुढचा विभाग दाखवायला प्राचार्य त्यांना घेऊन गेले आणि मी मागे राहिलो.

टेबलाखालून मॅडमनी एक मोठा ट्रे काढला. मासे त्यात ओळीने ठेवलेले होते, ओल्या फडक्यानं झाकलेले. फडकं बाजूला करून त्यांनी त्यावर हात धरला, आणि मला पाहवेना.

"कमिटीसाठी मेले, सर."

हात उठला नाही. किती वेळ तसा राहिला कोण जाणे. मी बाजूच्या स्टुलावर बसून होतो. त्या रडल्या नाहीत. संध्याकाळी कमिटीला हार घालायचे चालले असताना त्यांनी प्रयोगशाळेमागे कडुनिंबाखाली खड्डा करून ते मासे पुरले. माझ्या हातून माती ढकलली गेली तेवढीच माझी मदत.

आता मॅडमपुढे काय होतं ते सांगायला हवं. विभागप्रमुख त्याच वर्षी निवृत्त होणार होते. पीएच.डी. झाली तर ती खुर्ची मॅडमची, नाही तर त्यांच्यापेक्षा कितीतरी मागून लागलेल्या एका गृहस्थांची, हे शिपायालाही माहीत होतं. काम एका खेपेवर अडलं होतं. त्यांचे गाइड नागपूरहून आले. माणूस वाईट नव्हता. त्यांच्या हाताखाली असे पुष्कळ प्रबंध झाले होते आणि त्यांना बसही गाठायची होती.

"अहो मॅडम, आधीच्या खेपांवरून सगळं दिसतंच आहे. शेवटचे आकडे अंदाजानं टाका. कोण विचारतंय?"

"सर, एक आकडा खोटा टाकला तं आधीचे मेले ते सगळे खोट्यासाठी मेले म्हणायचे."

"बरं, मग नवे मासे आणा. आठवड्याचं तर काम."

"चूक माही झाली सर. माह्या चुकीसाठी आणखी मारू?"

"विज्ञान असं हळवेपणानं चालत नाही."

"हळवी नाही मी. इतके मारले तवा हळवी नव्हती. तवा माह्याजवळ उत्तर होतं. आता नाही."

गाइड उठले. दारात थांबून म्हणाले, "मग दुसरा गाइड बघा." मॅडमनी त्यांना बसस्टँडपर्यंत पोचवलं आणि त्यांच्यासाठी संत्री घेऊन दिली. भांडणाचं आणि पाहुणचाराचं खातं आमच्याकडे वेगळं असतं.

मला मॅडमचा राग आला होता. एवढी वर्षं घातली आणि अगदी काठावर येऊन हट्ट! मी स्टाफरूममध्ये त्यांना चार शब्द सुनावले. "मॅडम, एक खेप करून टाका. तुम्ही नाही मारले म्हणून मासे काय जिवंत राहणार आहेत? बाजारात रोज ढीगभर कापले जातात. डोकी, आतडी, कल्ले नालीत जातात. तिथे कोणी हात धरत नाही."

मॅडम डबा बंद करता करता थांबल्या.

"बाजारात," त्या म्हणाल्या. "कल्ले नालीत जाते."

"हो, मग?"

"सर, तुमी शाकाहारी आहात, पण कधीमधी कामाचं बोलता."

पुढच्या बाजाराच्या दिवशी आमच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्राध्यापिका तुमसरच्या मच्छीबाजारात मासोळी विकणाऱ्या एका ढिवर बाईच्या शेजारी पोत्यावर बसलेल्या दिसल्या. समोर बाटल्या, खांद्याला पिशवी. ती बाई गिऱ्हाइकाला मासोळी साफ करून द्यायची आणि कल्ले-काळीज मॅडमच्या बाटलीत टाकायची.

"मॅडम, तुमाले मासोळी पायजे का कचरा?" तिनं पहिल्या दिवशी विचारलं होतं.

"कचरा. अन् कोणत्या बोडीचा ते बी पायजे."

"बोडीचं कायले? समदी सारखीच."

"सारखी हाये का नाही तेच तं पायचं आहे वो बाई."

फवारणीच्या दिवसांतली मासोळी, त्याआधीची, त्यानंतरची. उताराच्या बोडीतली आणि आंबागडच्या टेकडीखालच्या, जिथे जंगलाचंच पाणी येतं त्या तलावातली. जे मासे मरायचेच होते, ज्यांची मुंडी कोणाच्या तरी ताटासाठी उतरायचीच होती, त्यांचंच आतलं बिघडलं की नाही ते मॅडम पाहायच्या. एकही जीव त्यांच्यासाठी वेगळा मरत नव्हता. काम मात्र दसपट वाढलं होतं, कारण टाकीतला मासा तुमच्या वेळेवर मरतो आणि बाजारातला त्याच्या वेळेवर येतो.

प्राचार्यांनी बोलावून घेतलं. "मॅडम, संस्थेची प्रतिष्ठा आहे. विद्यार्थी बघतात. तुम्ही मच्छीबाजारात बसता, बरं दिसत नाही."

"सर, कमिटी आली होती तवा बरं दिसलं होतं आपलं," मॅडम म्हणाल्या. प्राचार्य पुन्हा त्या विषयावर बोलले नाहीत.

विभागप्रमुखाची खुर्ची दुसऱ्यांना गेली. त्या दिवशी मॅडमनी पेढा घेतला, अभिनंदन केलं. जाताना मला एवढंच म्हणाल्या, "खुर्ची भेटली असती तं बरंच वाटलं असतं सर, नाही कायले म्हणू?" आणि बाटल्यांची पिशवी सावरत गेल्या. मला त्या वाक्याचं अजून वाईट वाटतं.

नवा गाइड मिळायला, मग पावसाळ्यामागून पावसाळे पाहायला पुष्कळ वर्षं गेली. प्रबंध पुरा झाला तेव्हा त्यांचे केस पांढरे झाले होते. तोंडी परीक्षेला मी मुद्दाम गेलो होतो. परीक्षक इंग्रजी वळणाचं मराठी बोलणारे. त्यांनी चष्म्यावरून पाहत विचारलं, "या कामासाठी किती मासे सॅक्रिफाइस केलेत?"

"यासाठी एक बी नाही," मॅडम म्हणाल्या. "पण त्याच्या आधी केले. त्यातले शेवटचे माह्या चुकीनं मेले. पहिल्याच प्रकरणात आहे ते."

होतंच ते. ब्लीचिंगचं पाणी, घासलेल्या टाक्या, कमिटी, सगळं साध्या शब्दांत लिहिलं होतं. परीक्षकांनी पान उलटून पाहिलं आणि म्हणाले, "हे काढून टाकलं तरी चालेल. अनावश्यक आहे."

"ते राहू द्या सर. अन् सॅक्रिफाइस नका म्हणू. बळी देणाऱ्याचं काही तरी जाते. आपलं काय गेलं?"

मी मागच्या बाकावर डोळे मिटून घेतले. वाटलं, गेली पदवी. पण परीक्षकांनी पुढचा प्रश्न बोडीतल्या पाण्याबद्दल विचारला.

पदवी मिळाली. तिचा नोकरीत काही उपयोग व्हायची वेळ निघून गेली होती. पण धानाच्या रोवणीनंतर मॅडम गावोगावी जाऊन सांगू लागल्या की फवारणी केली का काही दिवस बांधीचं तोंड बांधून ठेवा, ते पाणी बोडीत सोडू नका. सगळ्यांनी ऐकलं असं मी म्हणणार नाही. ज्यांनी ऐकलं त्यांच्या बोड्यांत मासोळी राहिली, आणि एकदा आंबागडकडून कोणीतरी आईसाठी मरळ पाठवली. आईंनी कालवण केलं. ताटात वाढताना म्हणाल्या, "भरलं वो पोट. खरं बोलली होतीस." शाकाहारी असूनही मला त्या दिवशी तिथे वरणभात गोड लागला.

बेडकांचंही त्यांनी आपल्यापुरतं पाहिलं. पूर्वी प्रत्येक पोरामागे एक बेडूक लागायचा. त्यांनी सगळ्या वर्गात मिळून एक केला. त्या स्वतः कापायच्या, पोरं भोवती उभी राहायची, आणि हात उठायच्या आधी आता सगळ्यांना उत्तर द्यावं लागायचं. बाहेरून आलेला परीक्षक कुरकुरला, तर त्याच्याही पुढे हात धरला. पुढे वरूनच नियम आला आणि कापणं बंद झालं. प्लॅस्टिकची मॉडेलं आली, कॉम्प्युटर आले. आम्ही त्यांचं अभिनंदन केलं. "चांगलं झालं, कोणी मरत नाही आता," त्या म्हणाल्या. "पण विचारणं बी बंद झालं नं सर. औषधं तं अजून कोणी तरी कोणावर करूनच पाहते. पोरायले वाटते आता सगळं कॉम्प्युटरातूनच येते."

निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी त्यांना कॅन्सर निघाला. नागपूरला औषधं सुरू झाली. मी भेटायला गेलो तेव्हा सलाइन लावलेलं होतं. मोकळा हात त्यांनी बाटलीकडे उचलून धरला होता. नर्सला वाटलं त्यांना काही हवं आहे.

"काही नाही वो. विचारून राहिली," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "सर, हे ज्यायच्यावर करून पाहिलं त्यायले मी पाहिलं बी नाही. उंदरं असतीन. माह्यासाठी मेले म्हणा नं. मंग मले बरं व्हायचा परयत्न तं करावाच लागन."

आणि त्यांनी केला. उलट्या व्हायच्या, तोंड सोलवटायचं, पण एक खेप चुकवली नाही. मला माझी गोळी आठवायची.

प्रयत्न पुरा पडणार नाही हे कळलं तेव्हा त्यांनी देह मेडिकल कॉलेजला द्यायचं ठरवलं. निरोप समारंभात जसं बोलतात तसं त्या बोलल्या नाहीत. सरळ म्हणाल्या, "इतके ट्रेत ठेवले मी. एक डाव आपण बी ठेवून पाहावं." आई बाजूलाच बसल्या होत्या. त्यांच्या चेहऱ्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

मॅडम गेल्या तेव्हा विहारातली मंडळी जमली. वंदना झाली. कोणी कोणी आईंना म्हणालं की पोरीला असं परक्या हाती कायले देता, आपल्या मातीत राहू द्या. आई म्हणाल्या, "तिनं सांगतलं तसंच होईन."

आम्ही नागपूरला गेलो. आई, मी आणि दोघं शेजारी. मेडिकल कॉलेजातला तरुण डॉक्टर अदबीनं वागला. पांढऱ्या चादरीत मॅडमना एका पत्र्याच्या टेबलावर ठेवलं. आत न्यायला दोघं कर्मचारी आले, आणि तेव्हा आईंचा हात पुढे झाला. चादरीच्या थोडा वर येऊन थांबला. लेकीचा हात जसा थांबायचा तसाच. हे मायकडून लेकीकडे आलं होतं का लेकीकडून मायकडे, मला आजवर कळलेलं नाही.

"बाबू," आई डॉक्टरला म्हणाल्या, "पोरं शिकतीन नं हिच्यावर?"

"हो आई. पुढचे डॉक्टर शिकतील."

"नीट पायतीन?"

"नीट बघतील."

"फेकून तं नाही देणार?"

"नाही आई. काम संपलं की आम्ही सगळे नमस्कार करतो, मग अंत्यविधी करतो."

कर्मचारी थांबले होते, कोणीही घाई केली नाही.

"मंग ठीक आहे," आई म्हणाल्या, आणि त्यांनी हात उचलला.